दुपारचा तास

श्रावणातली दुपार होती. सकाळपासून झड लागलेली होती आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास घरभर पसरला होता. शाळेच्या कार्यालयातले माझे काम सकाळपाळीचे असल्यामुळे एकदा घरी येऊन जेवण उरकले की दुपार माझ्या वाट्याला येते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी संख्याशास्त्राचे व्याख्यान ऐकत होते. प्राध्यापक प्रमाण विचलन समजावून सांगत होते आणि मला ते पहिल्यांदाच थोडेसे कळू लागले होते. नेमकी तेव्हा दारावरची घंटा वाजली. शेजारच्या काकू हातात कापसाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. श्रावणातल्या वाती एकटीने वळायच्या म्हणजे फार कंटाळा येतो, असे त्यांचे म्हणणे. "काही करून तं नाही राहिली न गं?" असे त्यांनी दारातूनच विचारले, आणि मी एका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "नाही काकू, या न." पडद्यावर प्राध्यापक खडू उगारून, डोळे अर्धवट मिटलेल्या अवस्थेत थांबले होते. काकू जाईपर्यंत ते तसेच थांबून राहिले.

काकूंचा काही दोष नाही. वाती छान झाल्या, गप्पाही बऱ्या झाल्या. मला खुपत राहिले ते माझे उत्तर, आणि उत्तरापेक्षाही त्याचा वेग. कणीक मळत असते तर मी सहज म्हटले असते की बसा काकू, एवढ्या पोळ्या टाकून येते. पूजा चालू असती तर काकू स्वतःच परत फिरल्या असत्या. आणि दुपारची झोप? तिचाही आपल्याकडे एक मान आहे. नागपुरात दुपारी दोन ते चार कोणाच्या दाराची घंटा वाजवताना माणूस जरा विचार करतो. अभ्यासासाठी मात्र माझ्याकडे तयार वाक्यच नव्हते. शाळेत मी रोज पन्नास पालकांना 'साहेब तासावर आहेत, थांबा' असे बिनदिक्कत सांगते, पण स्वतः तासावर असताना तसे सांगणे मला सुचले नाही.

तो अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचा होता. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2003 मध्ये सुरू केलेला तो उपक्रम आता केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावरून चालतो. व्याख्याने फुकट, कोणालाही खुली, वयाची अट नाही. दर आठवड्याला नवी व्याख्याने येतात, त्यावर एक स्वाध्याय असतो, आणि ज्यांना प्रमाणपत्र हवे त्यांनी हजार रुपये भरून प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. केव्हाही ऐका, कुठेही ऐका, थांबवा, मागे न्या, वेग वाढवा. नाव नोंदवताना मला या सोयीचे फार अप्रूप वाटले होते. सकाळी नोकरी, संध्याकाळी सासूबाईंची औषधे आणि स्वयंपाक, मधल्या फटीत जे मिळेल ते आपले, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबरच होता, पण ती फट माझी आहे हे घरात माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

माझे वडील एम्प्रेस मिल या कापडगिरणीत होते. पहिली पाळी करून ते घरी येत, अंगाला सुताच्या बारीक तुसांचा आणि तेलाचा वास असे. मग आंघोळ करून, केसांना पाणी लावून, संध्याकाळी सायकलवर इतवारीतल्या एका रात्रशाळेत जात. मॅट्रिक राहून गेले होते, ते त्यांनी लग्नानंतर पूर्ण केले. मी तेव्हा जन्मायची होते, त्यामुळे हे सारे आजीच्या तोंडून ऐकलेले आहे. आजीच्या सांगण्यात शाळेतल्या विषयांचा कधी उल्लेख नसे. तिला आठवत असे ते घराचे बदललेले वेळापत्रक. संध्याकाळचा चहा लवकर, कंदिलाची काच दुपारीच पुसून ठेवलेली, रात्री उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट. कोणी भेटायला आले तर आजी दारातच सांगायची, "तो शाळेत गेला." लग्न झालेला माणूस शाळेत गेला, हे सांगताना तिला जरा हसू येत असावे, पण सांगण्यात संकोच नव्हता. ऐकणारा निमूट परत जात असे. मिलच्या भोंग्याला जसा मान, तसाच त्या संध्याकाळच्या तासाला. सायकल दारात नसली की माणूस घरात नाही, हे उघडच होते, त्यामुळे आजीला दुसरे काही समजावून सांगावे लागत नसे.

आईची गोष्ट वेगळी आहे. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम लागू लागले. आमच्या घरी कृष्णधवल संच आला त्यानंतर काही काळाने, आणि दुपारच्या त्या कार्यक्रमांची आई नियमित प्रेक्षक झाली. कार्यक्रम इंग्रजीत असत. आई सातवीपर्यंत शिकलेली. समोर ताटात तांदूळ घेऊन, खडे वेचत ती ज्वालामुखी पाही, पेशींचे विभाजन पाही, कुठल्याशा मंदिराच्या स्थापत्यावरची चर्चा पाही. मी शाळेतून आले की मला विचारी, पृथ्वीच्या पोटात खरेच एवढे ऊन असते का गं? मी तेव्हा हसत असे. पण आता आठवते की त्या अर्ध्या-पाऊण तासात तिला कितीदा तरी उठावे लागत असे. दूधवाला, रेशनच्या दुकानात रॉकेल आल्याची वर्दी, सासऱ्यांचा चहा, शेजारणीची वाटीभर साखर. ती दर वेळी उठायची, परत येऊन बसायची तोवर ज्वालामुखी संपून दुसरेच काही सुरू झालेले असायचे. कार्यक्रम थांबवून ठेवायची सोय तेव्हा नव्हती. तिच्या शिकण्याला वडिलांच्या सायकलसारखी कोणाला दिसेल अशी खूण नव्हती. बघणाऱ्याला ती फक्त टीव्हीपुढे बसून तांदूळ निवडणारी बाई दिसत होती.

दोघांपैकी जास्त जिज्ञासा कोणाला होती, असे मला विचाराल तर आईला, हे मी डोळे मिटून सांगेन.

मोठ्या माणसांच्या सोयीने शाळा भरवणे ही महाराष्ट्राला नवी कल्पना नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये, दिवसभर कष्ट करणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली होती. दिवसा काम चुकवता येत नाही, म्हणून शाळेनेच रात्रीकडे सरकावे, इतका साधा विचार त्यामागे होता. पण शाळा रात्रीकडे सरकली तरी ती शाळाच राहिली. तिला वेळ होती, जागा होती, आणि शेजारी बसलेला आपल्यासारखाच थकलेला दुसरा माणूस होता. पुढे मुक्त विद्यापीठे आली. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये. नाशिकच्या विद्यापीठाचे 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते ब्रीद मला नेहमीच आवडत आले आहे, फक्त अलीकडे ते वाचताना एक शंका मनात येते. गंगा घरोघरी पोहोचली हे खरेच, पण घरात आल्यावर ती घरातल्याच कामांत वाहून जाते, त्याचे काय करायचे?

माझ्या नणंदबाई उमरेडकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. बारावी झालेली नव्हती, म्हणून आधी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा शिक्षणक्रम आणि मग बी. ए., असे त्यांनी नव्वदीच्या दशकात केले. पुस्तके घरी येत, गृहपाठ घरी लिहायचा, आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संमंत्रणाचे, म्हणजे प्रत्यक्ष भेटून शिकवण्याचे, तास असत. त्या रविवारी सकाळच्या एसटीने नागपूरला येत आणि दुपारी डबा खायला आमच्याकडे टेकत. संमंत्रणात फार शिकवले जाते असा त्यांचा दावा नव्हता. कधी सर येत, कधी येत नसत. तरीही त्यांनी एकही रविवार शक्यतो चुकवला नाही. कारण विचारले की त्या सांगत, "अवो, पुस्तक तं घरीच आहे. पण घरी मी बसली की कोणीतरी उठवतेच. एसटीत कोण उठवते?" वर्गात एक एसटीचे वाहक होते, एक पोलीस शिपाई, दोन-तीन सेविका, एक दुकानदार. परीक्षेच्या आदल्या दिवशी ही सगळी मंडळी एकमेकांच्या वह्या चाळत केंद्राच्या पायऱ्यांवर बसत. नणंदबाईंच्या पदवीत पुस्तकांचा वाटा मोठा आहे, पण सासरच्या दारातून रविवारी बाहेर पडण्याचे जे सबळ कारण त्या तासांनी दिले, त्याचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो.

आज ते कारण उरलेले नाही. सगळे घरातच, खिशातल्या फोनवरच आले आहे. खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोत मी एकदा खाकी गणवेशातला एक सुरक्षारक्षक पाहिला. कानात वायर खोचून तो काहीतरी ऐकत होता आणि बोटाने सारखे मागे नेत होता. डोकावून पाहणे असभ्य, तरी मी पाहिले. इलेक्ट्रिकच्या जोडण्यांचा कसला तरी धडा होता. विमानतळाच्या स्थानकावर तो उतरला, फोन खिशात गेला, चेहऱ्यावर कामावरचा चेहरा आला. त्याला रात्रशाळेत जाता आले नसते, कारण त्याची पाळी बदलती असणार. या नव्या सोयीने त्याला जे दिले ते मी कमी लेखत नाही. उलट अशा माणसाकडे पाहिले की माझी सगळी कुरकुर लाडाची वाटू लागते.

पण आकडे वेगळे काही सांगतात, आणि संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे आकड्यांकडे दुर्लक्ष करण्याची मला आता मुभा नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या लाखो नोंदींचा अभ्यास 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. 2017-18 या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम 3.13 टक्के होते. निम्म्याहून अधिक माणसे तर नाव नोंदवून आत पाऊलही टाकत नाहीत. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरली, त्यांच्यातले मात्र 46 टक्के शेवटपर्यंत पोहोचले. आता पैसे भरणारा मुळातच अधिक निश्चयी असणार, त्यामुळे सगळे श्रेय पैशाला देता येत नाही, एवढे कार्यकारणभावाविषयी मी शिकले आहे. उरलेल्यांपैकी कित्येकांना तेवढेच हवे असेल, दोन व्याख्याने ऐकून त्यांचे काम भागले असेल, हेही शक्य आहे. तरीही या गळतीला सरसकट आळस म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या सत्त्याण्णव टक्क्यांत माझ्या आईसारख्या किती असतील, ज्या उठून गेल्या आणि परत येईपर्यंत ज्वालामुखी संपला?

वातींच्या त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांत मी परीक्षेचे हजार रुपये भरले. प्रमाणपत्राचा मला नोकरीत काडीचाही उपयोग नव्हता. पण बँकेचा संदेश नवऱ्याच्या फोनवर गेला आणि रात्री जेवताना त्यांनी विचारले, हे कशाचे? मी सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हजार भरले न, मग बस आता नीट. मंगळवारी पोळ्या मी आणतो बाहेरून." जुलैपासून जी गोष्ट घरात अस्तित्वातच नव्हती, ती एका पावतीने अस्तित्वात आली. मला बरे वाटले आणि त्याच घासाला वाईटही वाटले. माझ्या रोजच्या दोन तासांना जे जमले नाही ते हजार रुपयांना जमावे, हे काही फार गोड नव्हते. मंगळवार यासाठी की स्वाध्याय भरण्याची मुदत बुधवारी रात्री संपत असे.

त्या बुधवारांविषयी थोडे सांगायला हवे. जुलै ते ऑक्टोबर हा काळ ज्याने अभ्यासासाठी निवडला त्याने विदर्भातले घर पाहिलेले नसावे. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात माझ्या हातांना आंबिलीचा आणि सोळा भाज्यांचा वास होता, पुरणासाठी डाळ भिजत होती, आणि पडद्यावर संभाव्यतेचे प्रश्न उघडून मी त्यांच्याकडे नुसती बघत होते. तो स्वाध्याय गेला. पण या अभ्यासक्रमात बारा स्वाध्यायांपैकी सर्वांत चांगले आठच धरतात; शेवटच्या गुणांत त्यांचा वाटा 25 आणि परीक्षेचा 75. हा नियम वाचला तेव्हा तो करणाऱ्याविषयी मला आपुलकी वाटली. कोणाकडे आजारपण येईल, कोणाची बदली होईल, कोणाकडे महालक्ष्म्या बसतील, याची जाणीव त्या आकड्यात आहे. मुदत आहे, ती पाळायची आहे, आणि चार वेळा चुकली तर चालेल. मोठ्या माणसाला सोय हवी ती अशी. ज्याला मुदतच नाही, जो 'तुमच्या गतीने, केव्हाही' पूर्ण करायचा असतो, असा एक अभ्यासक्रम मी त्याआधी घेतला होता. तो अजूनही माझ्या खात्यात आहे, बारा टक्के पूर्ण झालेला, आणि मी मरेपर्यंत तिथे तो बारा टक्केच राहील.

शिकण्याचा आनंद कसा होता, हे सांगितले नाही तर वरचे सगळे रडगाणे वाटेल. या वयात नवे काही डोक्यात जाताना आधी शारीरिक त्रास होतो असे माझे मत झाले आहे. मान दुखते, चष्मा वर-खाली होतो, हाताला लिहायची सवय राहिलेली नसते. माझी मुलगी व्याख्याने दीडपट वेगाने ऐकते. मी पाऊणपट वेगाने ऐकत असे, त्यामुळे प्राध्यापक किंचित गुंगीत असल्यासारखे बोलत. पण विशीतल्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे असते, आणि ती म्हणजे उदाहरणे. मध्यक आणि सरासरी यांतला फरक व्याख्यानात तीनदा ऐकूनही डोक्यात शिरत नव्हता. मग मी आमच्या गल्लीतल्या मे महिन्याच्या वीजबिलांचा विचार केला. सगळी घरे कूलरवाली, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून दिवस काढणारी, आणि कोपऱ्यावरच्या एका बंगल्यात चार एसी. त्या एका बिलाने गल्लीची सरासरी अशी काही वर जाते की आम्ही सगळेच श्रीमंत ठरतो. बिले चढत्या क्रमाने लावून मधले उचलले की मात्र खरी गल्ली हाती लागते. हे कळले तेव्हा मी चक्क टेबलावर थाप मारली. सासूबाई आतून म्हणाल्या, काय झालं? त्यांनाही मी बिलांचे सांगितले आणि त्यांना ते लगेच पटले. पुढे वर्तमानपत्रातल्या 'सरासरी उत्पन्ना'च्या बातम्यांकडे मी संशयाने पाहू लागले, आणि शाळेतल्या निकालाच्या तक्त्यांकडेही.

या क्षेत्रात सगळेच काही इतके निर्मळ नाही, हेही नोंदवायला हवे. एकदा कुठे फोन क्रमांक दिला की दुपारभर विक्रीचे फोन येतात. 'मॅडम, करिअर बदलायची ही शेवटची संधी' असे सांगणारा मुलगा आपल्या मुलापेक्षाही लहान असतो आणि हप्त्यांवर लाखाचा अभ्यासक्रम गळ्यात मारू पाहतो. आमच्या ओळखीतले काही शिक्षक नुसती प्रमाणपत्रे गोळा करतात, कारण बढतीच्या फाइलीला जाडी हवी असते. व्याख्यान एका खिडकीत चालू, दुसऱ्या खिडकीत क्रिकेट. मी त्यांना नावे ठेवत नाही, फार तर थोडी ठेवते.

परीक्षेच्या आधी दसरा आला. दीक्षाभूमीवर दर वर्षीप्रमाणे पुस्तकांचे स्टॉल लागले होते. त्या गर्दीत खेड्यांतून आलेली, अनवाणी चालून थकलेली माणसे पुस्तके हातात घेऊन उलटसुलट करून पाहतात, किंमत विचारतात, पदराच्या गाठीतून पैसे काढतात. विकत घेणाऱ्यांतल्या सगळ्यांनाच वाचता येत असेल असे नाही. एक म्हातारी बाई विक्रेत्याला विचारत होती की नातीला इंग्रजी शिकायला कोणते घेऊ, आणि मग जरा आवाज खाली आणून, मलाही जमेल असे एखादे आहे का. त्याने दोन पुस्तके दिली. तिने दोन्ही घेतली. मी नुसतीच पाहत उभी राहिले आणि परत येताना बराच वेळ आईचा विचार करत होते.

परीक्षा हिंगणा रस्त्यावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रविवारी होती. त्या सकाळी आमच्या घरात जे घडले ते माझ्या लग्नानंतर कधी घडले नव्हते. नवऱ्याने पोहे केले, मुलीने प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढून ठेवल्या, सासूबाईंनी हातावर दही ठेवले आणि आपल्या गोळ्या आपण घेईन असे जाहीर केले. केंद्रावर ओळखपत्र तपासले गेले, फोन-पिशव्या बाहेर ठेवल्या गेल्या, विशीतल्या मुलांच्या रांगेत मी एक क्रमांक होऊन बसले. तीन तास मला कोणीही हाक मारली नाही. प्रश्न काही जमले, काही नाही. संभाव्यतेवरचे बहुतेक गेले. महालक्ष्म्यांनी आपला हिशेब वसूल केला. पण त्या थंडगार खोलीत, संगणकाच्या घरघरीत, मला एक विचित्र श्रीमंती जाणवत होती. त्याबरोबर थोडा रागही होता. वेळ माझी, घर माझे, डोके माझे, आणि तरी तीन तास सलग मिळायला बारा किलोमीटरवरच्या पहारेकऱ्याने दार लावून घ्यावे लागले.

निकाल लागला, उत्तीर्ण झाले, गुण सांगण्यासारखे नाहीत. शाळेत बातमी पसरली तशी आमच्या कार्यालयातली एक तरुण सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे, ती एकत्र कुटुंबात राहते, आणि तिला हिशेबाचे संगणकावरचे काम शिकायचे आहे. कोणता अभ्यासक्रम घेऊ ताई, असे तिने विचारले, आणि स्वतःच पुढे म्हणाली की ज्याला काही मुदत नाही तो बरा पडेल, पोराच्या झोपेच्या वेळी करता येईल. मी तिला तो घेऊ नको म्हणाले. तारखा असलेला घे, बाराऐवजी चार आठवड्यांचा घे, परीक्षेची फी पहिल्याच आठवड्यात भर आणि भरल्याचे घरात सगळ्यांना सांग. जमल्यास रोजची एक वेळ ठरव आणि त्या वेळी मुलगा कोणाकडे असेल तेही ठरवून टाक. तिने सगळे ऐकून घेतले, डब्यातली वांग्याची भाजी माझ्या झाकणात वाढली, आणि मग म्हणाली, "ताई, बाकी सगळं होऊन जाईल. सासूबाईला कसं सांगू ते सांगा." त्यावर आम्ही सुट्टी संपेपर्यंत बोललो. तिच्या सासूबाईंना भिशीचा हिशेब ठेवायला कोणीतरी हवे आहे, असे त्यातून निघाले. नोंदणी जानेवारीत सुरू होते.